इ.स. ७५०च्या आसपास इतकी राजघराणी एकदम का बदलली? दमास्कसपासून वेरूळपर्यंतच्या उलथापालथीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या पुस्तकात दंतिदुर्ग एका ओळीत येतो आणि जातो: ७५३च्या सुमारास त्याने बदामीच्या चालुक्यांचा पाडाव केला आणि राष्ट्रकूटांची सत्ता सुरू झाली. त्या ओळीच्या मागच्यापुढच्या चार-पाच वर्षांत दमास्कसचे खलिफा गेले, आजच्या फ्रान्सच्या भागातल्या फ्रँकांचा अडीचशे वर्षांचा राजवंश गेला, बंगालात नवा राजा बसला आणि चीनचा सम्राट राजधानी सोडून पळाला. त्या काळाबद्दल नेहमी पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

नेमकं कुठे कुठे काय बदललं?

७४४ साली मंगोलियाच्या गवताळ प्रदेशात उइगुरांनी इतर टोळ्यांना हाताशी धरून तुर्कांची सत्ता मोडली. ७५० साली दमास्कसची उमय्यद खिलाफत संपून अब्बासी आले. साधारण त्याच सुमारास बंगालमध्ये पाल घराण्याचा गोपाल गादीवर आला. ७५१ साली पेपिन फ्रँकांचा राजा झाला. ७५३च्या आसपास दख्खनमध्ये राष्ट्रकूट आले. ७५५ साली तिबेटच्या राजाचा खून झाला आणि त्याचा लहान मुलगा त्रिसोंग देत्सेन गादीवर आला. त्याच वर्षाच्या शेवटी चीनमध्ये आन लूशानचं बंड सुरू झालं आणि ते ७६३पर्यंत चाललं.

या सगळ्यामागे एकच कारण होतं का? दुष्काळ, रोगराई, हवामान वगैरे?

असं एक कारण शोधायचा मोह सगळ्यांनाच होतो. सीरियापुरतं पाहिलं तर त्यात तथ्यही आहे. तिथे प्लेगच्या लाटा वारंवार येत होत्या, ७४७ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये मोठी साथ आली, आणि ७४९च्या भूकंपाने गॅलिली आणि जॉर्डन खोऱ्यातली शहरं पाडली. पण सीरियातल्या भूकंपाने बदामीचं राज्य पडत नाही, आणि बदामीत काय झालं ते पॅरिसजवळच्या कुणाला कळलंही नसेल.

सारखा दिसतो तो सत्तेचा ढाचा. जुनं घराणं मधोमध बसलेलं असतं. फौज, घोडे आणि वसुली मात्र हळूहळू कडेच्या माणसांकडे गेलेली असते. फ्रँक राजवाड्याचा कारभारी चार्ल्स मार्टेल आणि त्याचा मुलगा पेपिन, चीनच्या ईशान्य सरहद्दीवरचा आन लूशान, चालुक्यांच्या उत्तर टोकाचा सामंत दंतिदुर्ग, सगळे याच साच्यातले. अब्बासींसाठी बंड उभं करणारा अबू मुस्लिम हा सरकारी सुभेदार नव्हता, पण त्याने उभी केलेली माणसंही खोरासानच्या (ईशान्य इराण आणि त्याच्या पलीकडच्या मुलखाच्या) सरहद्दीवर वर्षानुवर्षं लढलेल्या फौजेतलीच होती. सत्ता आधी कडेला सरकते, राजाचं नाव मागाहून बदलतं. माझ्या मते त्या दशकाचं सगळ्यात चांगलं वर्णन एवढंच आहे.

स्पेनपासून सिंधपर्यंत पसरलेली उमय्यद खिलाफत इतक्या लवकर कशी कोसळली?

ती लवकर कोसळली असं बाहेरून वाटतं. आतून ती निदान दहा वर्षं फाटत होती. ७४० साली उत्तर आफ्रिकेत बर्बरांनी बंड केलं आणि ते दडपायला गेलेल्या सीरियन फौजा तिथेच खर्ची पडल्या. कॉन्स्टँटिनोपलचा ७१७-१८चा वेढा आधीच फसला होता. कॉकेशसमध्ये खझारांशी लढाया चालूच होत्या. राज्य वाढत असेपर्यंत लूट येत होती. वाढ थांबली आणि मोहिमांचा खर्च मात्र तसाच राहिला.

त्यात खुद्द सीरियन फौजेत कैस आणि यमन असे दोन गट होते. अरब टोळ्यांची ही जुनी तेढ दरबारापर्यंत पोचलेली होती. खलिफा हिशाम ७४३ साली वारला आणि ७४४ या एका वर्षात गादीवर चार जण बसले: वलीद दुसरा मारला गेला, यझीद तिसरा काही महिन्यांत वारला, इब्राहिमला हटवलं आणि शेवटी मर्वान दुसरा आला. मर्वान सेनापती म्हणून तगडा होता. पण त्याने दमास्कस सोडून राजधानी हर्रानला नेली. ज्या सीरियाच्या जोरावर घराणं उभं होतं तो सीरियाच त्यामुळे दुखावला गेला. पूर्वेकडून बंड आलं तेव्हा मर्वान सीरियातली आणि इराकमधली बंडं मोडण्यात गुंतला होता.

धर्म बदललेल्या लोकांवर कर होता म्हणून बंड झालं, हे खरं का?

अर्धं खरं. बिगर-अरब मुसलमानांना मवाली म्हणत. त्यांच्यातल्या अनेकांकडून धर्म बदलल्यावरही जिझिया वसूल होई, कारण तो माफ केला तर खजिना रिकामा पडे. उमर दुसरा या खलिफाने (७१७-७२०) हे थांबवायचा प्रयत्न केला, पण तो फार काळ जगला नाही. खोरासानचा शेवटचा उमय्यद सुभेदार नस्र इब्न सय्यार यानेही करपद्धत सुधारली होती, म्हणजे सरकार अगदीच आंधळं नव्हतं.

पण बंडात मवालींइतकेच खोरासानमध्ये पिढ्यान् पिढ्या स्थायिक झालेले अरबही होते, आणि 'इराणी लोकांचा अरबांविरुद्ध उठाव' हे चित्र त्यामुळे टिकत नाही. बंडाचा पहिला मोठा सेनापती कहतबा अरबच होता. दमास्कसहून येणारे हुकूम, दूरच्या मोहिमा आणि लुटीतला तुटपुंजा वाटा यांना हे लोक कंटाळले होते.

अबू मुस्लिम कोण होता? आणि तो कोणासाठी लढत होता?

त्याच्या मूळ कुळाबद्दल त्याच्या हयातीतच वेगवेगळ्या कथा होत्या आणि त्याने त्या खोडल्या नाहीत. बहुधा तो इराणी मवाली असावा. ७४७च्या उन्हाळ्यात खोरासानची राजधानी मर्व हिच्याजवळच्या गावांत त्याने काळे झेंडे उभारले आणि पुढच्या वर्षी मर्व घेतलं. चिनी इतिवृत्तांनीही पुढे या नव्या सत्तेला 'काळ्या वस्त्रांचे अरब' म्हटलं आहे.

कोणासाठी, हे मुद्दाम झाकून ठेवलं होतं. घोषणा होती 'मुहंमदाच्या घराण्यातला, सर्वांना मान्य होईल असा' पुढारी. ऐकणाऱ्या पुष्कळांना वाटलं, हा माणूस पैगंबरांचे जावई अली यांच्या वंशातला असणार. प्रत्यक्षात सूत्रं हलत होती ती आजच्या जॉर्डनमधल्या हुमैमा नावाच्या छोट्या गावातून, पैगंबरांचे चुलते अब्बास यांच्या वंशजांकडून. त्यांचा प्रमुख इब्राहिम मर्वानच्या हाती लागला आणि ७४९ साली कैदेत वारला. घरातले बाकीचे लोक कूफ्याला पोचले तेव्हा तिथल्या संघटनेच्या म्होरक्यानेच त्यांना काही आठवडे लपवून ठेवलं, कारण त्याच्या मनात दुसरीच नावं घोळत होती. खोरासानी अधिकाऱ्यांनी त्यांना शोधून काढलं आणि नोव्हेंबर ७४९मध्ये अबुल अब्बास अस्-सफ्फाह याला खलिफा जाहीर केलं. इतिहासात फार थोडे राज्याभिषेक असे शोधाशोध करून झाले असतील.

लपवणारा म्होरक्या पुढच्याच वर्षी मारला गेला. अबू मुस्लिमला ७५५ साली दुसरा खलिफा अल-मन्सूर याने भेटीला बोलावून ठार केलं. ७६२ साली मदिनेत अलीच्या वंशातल्या मुहंमद अन्-नफ्स अझ्-झकिय्याने बंड केलं, तेही मन्सूरने चिरडलं. ज्यांच्या नावाचा आधार घेऊन सत्ता मिळवली त्यांच्यापासूनच नव्या घराण्याला सर्वांत जास्त भीती होती.

झाबच्या लढाईनंतर उमय्यदांचं काय झालं?

२५ जानेवारी ७५० रोजी उत्तर इराकमधल्या झाब नदीवर मर्वानचा पराभव झाला. एप्रिलमध्ये दमास्कस पडलं. मर्वान इजिप्तपर्यंत पळाला आणि ऑगस्टमध्ये बूसीर इथे मारला गेला. नंतर अब्बासी खलिफाच्या एका चुलत्याने पॅलेस्टाइनमधल्या अबू फुत्रुस नदीकाठी उमय्यद कुटुंबातल्या लोकांना अभय देऊन बोलावलं आणि जेवणाच्या वेळी त्यांची कत्तल केली. जुन्या खलिफांच्या कबरी उकरल्या गेल्या. उमर दुसऱ्याची कबर तेवढी वाचली असं इतिवृत्तकार सांगतात.

हिशामचा नातू अब्द अर-रहमान विशीतला होता. पाठलाग करणारे घोडेस्वार पाहून त्याने आणि त्याच्या धाकट्या भावाने युफ्रेटिसमध्ये उडी घेतली. काठावरून 'परत या, अभय आहे' अशी हाक आली. धाकटा फिरला आणि मारला गेला, थोरला पोहत राहिला. त्याची आई उत्तर आफ्रिकेतल्या नफ्झा या बर्बर टोळीतली होती. बद्र नावाच्या सेवकाला घेऊन पाच वर्षं दडत-फिरत तो पश्चिमेकडे गेला, ७५५ साली स्पेनच्या किनाऱ्यावर उतरला आणि ७५६ साली कॉर्डोबाचा अमीर झाला. त्याच्या वंशजांनी तिथे १०३१पर्यंत राज्य केलं.

तलासच्या लढाईने मध्य आशियाचं भवितव्य ठरलं आणि कागद पश्चिमेला गेला, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. खरं काय?

लढाई खरी आहे. ७५१ साली मध्य आशियातल्या तलास नदीजवळ चीनच्या तांग घराण्याचा सेनापती गाओ शिआनझी आणि अब्बासींचा झियाद इब्न सालिह समोरासमोर आले. गाओ स्वतः कोरियन वंशाचा होता. त्याने ताश्कंदच्या राजाला फसवून पकडलं, ताश्कंद लुटलं, राजाला चीनमध्ये ठार केलं गेलं आणि राजपुत्र मदतीसाठी अरबांकडे गेला. ऐन लढाईत कार्लुक टोळ्यांनी चिनी बाजू सोडली आणि तांग फौजेचा धुव्वा उडाला.

पण चीन मध्य आशियातून लगेच बाहेर फेकला गेला नाही. दोनच वर्षांनी, ७५३ साली, तांग फौज गिलगिटच्या बाजूला मोहीम करत होती. अब्बासींचे वकीलही त्याच सुमारास चीनची राजधानी चांगआनला पोचले, आणि ७५७ साली राजधानी परत मिळवताना सम्राटाच्या बाजूने अरब सैनिक होते. चीन मागे हटला तो घरातल्या बंडामुळे.

कागदाची गोष्ट आणखी कच्ची आहे. चिनी कैद्यांनी समरकंदला ही कला शिकवली, असं एक अरबी लेखक बऱ्याच नंतर सांगतो. पण आजच्या ताजिकिस्तानातल्या मुघ डोंगरावर सापडलेल्या सोग्दी (समरकंदच्या भागातल्या लोकांच्या) दफ्तरात कागदही आहे, आणि ते दफ्तर ७२२पूर्वीचं आहे. कागद तिथे आधीच पोचलेला होता. अब्बासींची नवी राजधानी बगदाद, तिथल्या दफ्तरखान्यांना त्याची प्रचंड गरज पडली म्हणून तो पसरला.

चीनमध्ये घराणं बदललंच नाही. मग आन लूशानचा समावेश इथे का?

कारण घराणं टिकूनही राज्य बदललं. शुआनझोंग सम्राटाने सरहद्दीवरच्या फौजा कायमच्या सेनाधिकाऱ्यांकडे दिल्या होत्या. सोग्दी-तुर्क वंशाचा आन लूशान एकटाच असे तीन सुभे सांभाळत होता. डिसेंबर ७५५मध्ये तो आजच्या बीजिंगजवळून निघाला आणि महिन्याभरात दुसरी राजधानी लुओयांग पडलं. पुढच्या उन्हाळ्यात तुंग खिंडीतली फौज दरबाराच्या हट्टामुळे उघड्यावर लढायला उतरली आणि संपली. चांगआनचा रस्ता मोकळा झाला.

सम्राट सिचुआनकडे पळाला. मावेई इथल्या मुक्कामात बरोबरचे सैनिकच अडून बसले. त्यांनी प्रधान यांग ग्वोझोंगला मारलं आणि त्याच्या नात्यातली सम्राटाची लाडकी यांग ग्वेफेई हिचा जीव घ्यायला सम्राटाला भाग पाडलं. त्यानंतर राजपुत्राने उत्तरेत स्वतःला सम्राट जाहीर केलं. बंडखोरांच्या बाजूला तर बापाचा काटा काढायची रीतच पडली: आन लूशानला मुलाने मारवलं, त्या मुलाला शी सिमिंगने मारलं, शी सिमिंगला त्याच्या मुलाने संपवलं.

७६३ साली बंड मोडलं ते उइगुर घोडेस्वारांच्या मदतीने. त्याची किंमत म्हणून लुओयांगची लूट आणि नंतर वर्षानुवर्षं घोड्यांच्या बदल्यात रेशमाचे तागे. त्याच वर्षी तिबेटी फौज चांगआनमध्ये शिरून पंधरवडाभर राहिली. ईशान्येकडच्या हबेई प्रांतातल्या बंडखोर सरदारांना माफी देऊन त्यांच्याच जागी ठेवलं गेलं आणि ते वारसाहक्काने राज्य करू लागले. तांग घराणं ९०७पर्यंत चाललं, पण ७५५चं राज्य परत आलं नाही.

आन लूशानच्या बंडात ३ कोटी ६० लाख माणसं मेली, हा आकडा बरोबर आहे का?

नाही. ७५५च्या नोंदीत सुमारे ५ कोटी २९ लाख माणसं आहेत आणि ७६४च्या नोंदीत सुमारे १ कोटी ६९ लाख. इंटरनेटवर फिरणारा आकडा म्हणजे या दोहोंची वजाबाकी. ती कर-नोंद होती. बंडानंतर अनेक सुभे दरबाराला नोंदच पाठवत नव्हते, लाखो कुटुंबं दक्षिणेला यांगत्से खोऱ्यात गेली आणि पुष्कळ जण जमीनदारांच्या आश्रयाला जाऊन कागदावरून गायब झाले. मृत्यू भयंकर संख्येने झाले यात शंका नाही, पण वजाबाकीतून मिळतं ते सरकारची पकड किती सुटली याचं माप. म्हणूनच दरबाराने ७५८पासून मिठाच्या मक्तेदारीवर भर दिला आणि ७८०मध्ये माणसं मोजण्याऐवजी मालमत्तेवर, वर्षातून दोन हप्त्यांत, कर लावला.

पोपने पेपिनला राजा केलं म्हणजे नेमकं काय केलं?

फ्रँकांचे मेरोव्हिंजियन राजे तोवर सातबाऱ्यावरच्या नावापुरते उरले होते. जमीन कसत होता राजवाड्याचा कारभारी. ७३७ साली राजा वारला तेव्हा चार्ल्स मार्टेलने नवा राजा बसवलाच नाही, सहा वर्षं गादी रिकामी ठेवून कारभार चालवला, आणि कोणाचं काही अडलं नाही. ७४३ साली त्याच्या मुलांनी चिल्डेरिक तिसरा शोधून आणला तो गरजेपुरता.

मग पेपिनने रोमला वकील पाठवून पोप झकारियासला विचारलं: हातात सत्ता नसलेल्याला राजा म्हणणं योग्य आहे का? अपेक्षित उत्तर आलं. ७५१ साली स्वासों इथे पेपिनला तैलाभिषेक झाला. चिल्डेरिकचे लांब केस, त्या घराण्याचं राजचिन्ह, कापून त्याला मठात पाठवलं. पोपलाही याची निकड होती: त्याच वर्षी उत्तर इटलीतल्या लोंबार्डांनी कॉन्स्टँटिनोपलच्या ताब्यातलं रावेन्ना घेतलं होतं आणि कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट मदतीला येत नव्हता. पुढचा पोप स्टीफन दुसरा भर हिवाळ्यात आल्प्स ओलांडून आला आणि ७५४ साली त्याने पेपिनला मुलांसह पुन्हा अभिषेक केला. बदल्यात पेपिनने इटलीत दोन मोहिमा केल्या आणि जिंकलेला मुलूख पोपला दिला. त्या दुसऱ्या अभिषेकातला एक मुलगा म्हणजे शार्लमेन.

दंतिदुर्ग एवढा मोठा कसा झाला? तो तर सामंत होता ना?

होय, आणि चालुक्यांचा नातलगही. पुढे राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या ८७१च्या संजाण ताम्रपटात सांगितलं आहे की, दंतिदुर्गाचा बाप इंद्र याने खेडा इथल्या लग्नमंडपातून चालुक्य राजकन्येला राक्षस विवाहाने पळवून आणलं. ती भवनागा ही दंतिदुर्गाची आई. म्हणजे ज्या घराण्याचं राज्य त्याने घेतलं, ते त्याचं आजोळच म्हणायचं.

त्याआधीच्या घटनाही पाहायला हव्यात. सिंधच्या अरब फौजा ७२०-३०च्या दशकांत गुजरात-माळव्यात घुसत होत्या. त्यांना नवसारीजवळ लाटच्या (दक्षिण गुजरातच्या) चालुक्य शाखेच्या अवनिजनाश्रय पुलकेशीने अडवलं. त्याचा ७३९चा नवसारी ताम्रपट सांगतो की ताजिकांची, म्हणजे अरबांची, ही फौज सैंधव, कच्छेल्ल, सौराष्ट्र, चावोटक, मौर्य आणि गुर्जर राजांना तुडवून दक्षिणापथात शिरू पाहत होती. विजयाबद्दल चालुक्य सम्राट विक्रमादित्य दुसरा याने त्याला 'दक्षिणापथसाधार', 'अनिवर्तकनिवर्तयितृ' अशा पदव्या दिल्या. या धामधुमीत दंतिदुर्ग चालुक्यांच्या बाजूने लढला असावा, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. उत्तर सरहद्दीवर लढून फौज आणि नाव कमावलेला माणूस, आणि त्याचे धनी मात्र दक्षिणेत पल्लवांशी आणि मग पांड्यांशी झुंजत दमलेले. पुढचा अंदाज बांधायला फार विद्वत्ता लागत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या सामानगडाच्या शके ६७५च्या (इ.स. ७५३-५४) ताम्रपटात दंतिदुर्ग सम्राटाच्या पदव्या घेऊन उभा आहे. कांची, केरळ, चोळ, पांड्य, श्रीहर्ष आणि वज्रट यांना हरवणारी कर्णाटकाची अजिंक्य फौज त्याने मोजक्या सेवकांनिशी जिंकली, असा दावा त्यात आहे. 'मोजके सेवक' हे कवीचं अलंकरण मानावं. पण हरलेल्या शत्रूची एवढी जंगी स्तुती आपलं मोठेपण वाढवण्यासाठीच असते, हे त्या कवीला चांगलं कळत होतं.

मग चालुक्य ७५३ साली संपले का?

नाही. कीर्तिवर्मा दुसरा याचा वक्कलेरी ताम्रपट ७५७चा आहे आणि तो भीमेकाठच्या छावणीतून दिलेला आहे, म्हणजे राजा अजून फौजेसह हिंडत होता. दंतिदुर्ग ७५६च्या आसपास वारला. त्याच्यामागे चुलता कृष्ण पहिला गादीवर आला आणि काम त्याने पुरं केलं. चालुक्यांचं राजचिन्ह वराह होतं. या महावराहाला कृष्णाने हरीण करून टाकलं, असं नंतरचा राष्ट्रकूट ताम्रपट म्हणतो.

राष्ट्रकूट मराठी की कन्नड?

हा प्रश्न दर गणेशोत्सवाच्या व्याख्यानमालेत कोणीतरी विचारतंच. त्यांचे लेख संस्कृत आणि कन्नडमध्ये आहेत. नंतरचे राजे स्वतःला लट्टलूर नगरीचे, म्हणजे लातूरचे, अधिपती म्हणवतात. सुरुवातीच्या हालचाली वेरूळच्या भोवतालच्या, राजधानी पुढे मान्यखेट, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातलं मालखेड. अमोघवर्षाच्या दरबारात कन्नडमधला सर्वांत जुना उपलब्ध अलंकारग्रंथ तयार झाला. मराठी तेव्हा दरबारी लेखनाची भाषा झालेलीच नव्हती. १९६०ची राज्याची हद्द आठव्या शतकावर ओढली की उत्तर चुकतं, कोणत्याही बाजूने ओढा.

वेरूळला या सत्तांतराचं काय पाहायला मिळतं?

बहुतेक लोक थेट १६ क्रमांकाच्या कैलासकडे जातात. आधी शेजारच्या १५ क्रमांकाच्या दशावतार लेण्यात जावं. तिथल्या अंगणातल्या मंडपावर दंतिदुर्गाचा लेख आहे, पूर्वजांच्या वंशावळीसह, आणि तो अपुरा आहे. नव्या राजाला आजोबा-पणजोबा दाखवायची घाई असते, ती तिथे दगडात दिसते. कैलास कृष्ण पहिल्याच्या नावावर आहे. ८१२च्या सुमाराच्या बडोदा ताम्रपटात म्हटलंय की विमानातून जाणारे देव ते पाहून थक्क झाले आणि घडवणाऱ्या शिल्पकारालाच प्रश्न पडला, हे मी कसं केलं? पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर पाहिलेल्याला कैलासची ठेवण ओळखीची वाटेल. ते बांधलं होतं चालुक्य विक्रमादित्य दुसऱ्याच्या राणीने, लोकमहादेवीने. राज्य घेतलं तशी वास्तुकलाही घेतली.

बंगालच्या गोपालाला लोकांनी निवडून दिलं, म्हणजे ती लोकशाही होती?

नव्हती. त्याचा मुलगा धर्मपाल याच्या खालिमपूर ताम्रपटात मत्स्यन्याय (मोठा मासा लहानाला गिळतो तशी बेबंदशाही) संपवण्यासाठी 'प्रकृतींनी' गोपालाच्या हाती राजलक्ष्मी दिली असं म्हटलंय. हे लोक म्हणजे बहुधा सरदार आणि प्रमुख अधिकारी. मुलाच्या ताम्रपटातली बापाची गोष्ट आहे, एवढं लक्षात ठेवून वाचावी.

नवा राजा 'खरा राजा' कसा ठरे?

ज्याच्या त्याच्या भागात जे चाले ते. पेपिनला पोपचं तेल, अब्बासींना पैगंबरांचं कूळ, गोपालाला सरदारांची संमती. दंतिदुर्गाने उज्जैनला हिरण्यगर्भ दान केलं. सोन्याच्या गर्भातून यजमान पुन्हा जन्मतो, असा हा विधी. संजाण ताम्रपट म्हणतो की त्या वेळी गुर्जर वगैरे राजांना त्याने द्वारपाल केलं. सामंताच्या घरात जन्मलेल्याला दुसरा जन्म हवा असणं साहजिकच. आन लूशाननेही लुओयांगमध्ये नव्या घराण्याचं नाव लावून पाहिलं, पण त्याला मान्यता देणारं कोणी मिळालं नाही.

सामान्य माणसाला काय फरक पडला?

उत्तर चीनमध्ये सगळ्यात जास्त: घर, गाव, कधी जीवही. खोरासानच्या सैनिकांना बगदादमध्ये घरं आणि पगार मिळाले. इराकच्या शेतकऱ्याचा खराज, म्हणजे जमिनीवरचा कर, तसाच राहिला. दख्खनमध्ये दान मिळालेली ब्राह्मणं, मठ आणि देवळं यांना धनी बदलणार याची सवय असावी. तिथल्या दानपत्रांच्या शेवटी हमखास येणारा श्लोकच सांगतो की सगरादी अनेक राजांनी ही पृथ्वी भोगली, 'यस्य यस्य यदा भूमिस्तस्य तस्य तदा फलम्'. पुढच्या राजाने, मग तो कोणत्याही घराण्याचा असो, दान मोडू नये अशी ती आगाऊ विनवणी होती.

अब्बासी आणि राष्ट्रकूट यांचा एकमेकांशी संबंध आला का?

आला, आणि तो व्यापाराचा. ८५१चा एक अरबी वृत्तांत जगातले चार मोठे राजे सांगतो: खलिफा, चीनचा सम्राट, रोमचा (म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचा), आणि चौथा 'बल्हारा', म्हणजे वल्लभराज राष्ट्रकूट. त्याचे लोक अरबांवर माया करतात असंही तो लिहितो. अरब प्रवासी मसूदी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला सैमूरला, आपल्या चौलला, आला तेव्हा तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला शके ८४८चा (इ.स. ९२६) ताम्रपट तर वाचण्यासारखा आहे: राष्ट्रकूटांनी संजाण मंडळाचा कारभार मुहंमद नावाच्या ताजिकाकडे दिला होता. संस्कृतात त्याला मधुमती सुगतिप म्हटलंय. त्याने दोन प्रवाहांवर फुकट नाव सुरू केली, अन्नछत्र घातलं आणि देवीच्या मठासाठी दान मंजूर केलं. ७३९च्या ताम्रपटात दक्षिणापथात घुसू पाहणारे ताजिक दोनशे वर्षांच्या आत किनाऱ्यावरचे सुभेदार झाले होते.

हरलेली घराणी कायमची गेली का?

मेरोव्हिंजियन गेले. उमय्यद स्पेनमध्ये पुन्हा उभे राहिले. जिंकलेल्या अब्बासींवर मात्र ९४५ साली इराणमधले बुवैही सरदार बगदादमध्ये आल्यावर तीच पाळी आली: नाव खलिफाचं, सत्ता दुसऱ्याची, आणि हे कमीजास्त प्रमाणात १२५८पर्यंत चालू राहिलं.

दख्खनमध्ये ९७२ साली माळव्याच्या सीयक परमाराने मान्यखेट लुटलं. पुढच्याच वर्षी तैलप नावाच्या एका सामंताने शेवटच्या राष्ट्रकूट राजाला, दुसऱ्या कर्काला, हटवून राज्य घेतलं. तो बदामीच्या चालुक्यांचा वंशज असल्याचं सांगत होता, आणि त्याची राणी जाकव्वा राष्ट्रकूटांच्या घरातली होती.